आधी बूड बघा

महाड-पोलादपूरकडे कुंडीतलं लिंबू मरतं ते बहुधा भर पावसाळ्यात, आणि तहानेनं नव्हे. पानं पिवळी पडतात, बुंध्याशी डिंक पाझरतो. घरातलं कुणीतरी ‘खुराक कमी पडला असेल’ म्हणून शेणखत घालतं. झाड गेल्यावर कुंडी उपडी केली की आंबूस वास येतो आणि मुळांची साल बोटाला लागून सुटते. हा डिंक्या रोग. तो घडवणारा फायटोफ्थोरा हा सूक्ष्मजीव साचलेल्या पाण्यात अक्षरशः पोहत मुळांपर्यंत पोचतो.

गंमत अशी, की लिंबाला पावसाचं वावडं नाही. २०१८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासानं लिंबूवर्गाचं माहेर आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनान या पट्ट्यात, हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी दाखवलं. म्हणजे हे पावसाच्याच मुलखातलं झाड. त्याला पाणी चालतं. तुंबलेलं पाणी चालत नाही.

कुंडीतल्या लिंबूवर्गाची कीर्ती मात्र थंड मुलखात झाली. व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात संत्र्यांसाठी खास दालन बांधलं गेलं. उन्हाळ्यात झाडं बाहेर, हिवाळ्यात आत. त्यासाठी बाजूच्या फळ्या उघडता येतील अशा चौकोनी लाकडी पेट्या आल्या. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या इंप्रुनेता गावच्या भाजक्या मातीच्या कुंड्या लिंबांसाठी नावाजल्या. तिथं कुंडी होती झाड थंडीत आत हलवण्यासाठी. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस चार महिन्यांत कोसळतो. इथं कुंडीचं पहिलं काम एकच: पाणी सोडणं.

ते ती कसं सोडते, हे भांडी घासायच्या स्पंजवर बघता येतं. भिजवलेला स्पंज तळहातावर आडवा धरा. ठिबकणं थांबलं की उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. कुंडीतही तळाशी ओल धरून बसणारा मातीचा एक थर असतोच. माती तीच असेल तर त्याची जाडी कुंडी उथळ असो की खोल, सारखीच राहते. त्यामुळे उथळ कुंडीत मुळांच्या वाट्याला मुख्यतः चिखल येतो. तळाशी खडीचा जाड थर देण्याची पद्धतही इथं फसते, कारण ओला थर खडीवर चढून मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. भोकं मात्र चार-पाच हवीत, काही बुडालगत बाजूला, आणि कुंडी विटांवर उचललेली. जांभ्याची लाल माती एकटी घातली तर दाबून बसते. तिच्यात जाडी वाळू, कंपोस्ट आणि भातगिरणीतला तूस मिसळावा.

आकाराचीही घाई नको. कलम आधी बारा इंची कुंडीत, म्हणजे साधारण वीस लिटरमध्ये लावावं. मुळं भरली की सोळा, मग अठरा इंची. अठरा इंच रुंद आणि तेवढीच खोल कुंडी सत्तर लिटरची होते. रोपटं थेट तिच्यात लावलं, तर मुळं न पोचलेली माती ओलीच राहते.

उन्हाळा उलटी परीक्षा घेतो. रायगड जिल्ह्यातल्याच भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा उन्हात काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं भाजतात. तिला गोणपाट गुंडाळावं. भाजक्या मातीची कुंडी अंगातून पाणी उडवून थंड राहते, पण फुटते. सिमेंटची टिकते, मात्र नवी असताना तिचा चुना पाझरतो आणि लिंबाला किंचित आम्ल माती हवी असते. म्हणून ती आधी काही दिवस पाण्यात मुरवावी. पत्र्याचा तेलाचा डबा लवकर गंजतो. कापडी ग्रो बॅग चहूबाजूंनी निथळते आणि हलकी असते, पण एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोन वेळा पाणी मागते.

राहिला निळा ड्रम. दोनशे लिटरचा ड्रम आडवा कापला की शंभर-शंभर लिटरच्या दोन कुंड्या, शिवाय भंगारात स्वस्त. महाडची औद्योगिक वसाहत रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखली जाते, म्हणून इथं एक प्रश्न विचारायलाच हवा: यात आधी काय होतं? घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपं २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतात. प्लास्टिक काही रसायनं शोषून घेतं. साबणानं धुतल्यानं ती जातीलच असं नाही. ज्या झाडाचं फळ वरणावर पिळायचं, त्याला खाद्यपदार्थांचा, खात्रीचाच ड्रम हवा.

शेवटचा हिशेब वजनाचा. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरी चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. तिथं उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडात येते. बाजारपेठ पाण्याखाली गेली. महाड तालुक्यातल्या तळीये गावात डोंगर कोसळून माणसं गेली. त्यापुढे झाडांचा हिशेब कुणी मांडत नाही, मांडूही नये. पण पुराच्या गावात ओल्या मातीसह शंभर किलो भरणारी कुंडी अंगणात ठेवायची की सोळा इंची, दोघांना जिन्यावरून नेता येईल अशी, हे पाणी चढण्याआधीच ठरवावं लागतं.

दिवाळी हा कुंडी बदलायला बरा मुहूर्त. पाऊस ओसरलेला, ऊन कोवळं. दुकानात हारीनं मांडलेल्या कुंड्यांची नक्षी आणि रंग समोरूनच दिसतात. एखादी उचला, उलटी करा आणि भोकं मोजा. इथल्या लिंबाचं नशीब तिथं लिहिलेलं असतं.