मण्यांवर मोजलेला श्वास

तुरीच्या नव्या वाणाची पारख कशी करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. एका पट्ट्यात नवे वाण, शेजारच्या पट्ट्यात घरचे जुने. जमीन तीच, पाऊस तोच, मशागत तीच. सुगी झाली की दोन्ही राशी वेगळ्या मापायच्या. शेजारचा जुना पट्टा नसेल तर नव्या वाणाची कितीही तारीफ करा, तिला अर्थ नाही. दुधनीच्या बाजारात ज्यांची तूर येते त्यांच्याशी यावरून मी पुष्कळ वाद घातले आहेत. पण हीच पारख गावेच्या गावे घेऊन, तान्ह्या मुलांच्या आजाराबाबत करणारे एक डॉक्टर जोडपे आपल्या महाराष्ट्रात आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग, जिल्हा गडचिरोली.

अभय बंग यांचा जन्म १९५० सालचा, वर्ध्याचा. वडील ठाकुरदास बंग हे गांधीविचाराचे अर्थशास्त्रज्ञ. बालपण सेवाग्रामच्या वातावरणात गेले. नागपूरला एम.बी.बी.एस. आणि पुढे एम.डी. झाले. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. एवढ्या शिक्षणावर नागपुरात मोठा दवाखाना सहज चालला असता. हे दोघे मात्र वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत काम करू लागले.

तिथे त्यांना पहिला धडा मिळाला तो शेतमजुराच्या रोजावरून. त्या वेळी रोजगार हमीवर किमान मजुरी चार रुपये होती. ती ठरवताना मजुराला अन्न किती लागते याचा जो हिशेब केला होता, तो बंग यांनी मांडून पाहिला तेव्हा त्यात चुका निघाल्या. त्यांच्या हिशेबाने मजुरी बारा रुपये हवी होती. पुढे शासनाला मजुरी वाढवावी लागली. मोर्चे कितीतरी निघतात, पण एक नीट मांडलेला हिशेब किती काम करतो, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आले. मग दोघे अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले आणि १९८४ मध्ये परत आले. मुंबई-पुण्याला न थांबता थेट गडचिरोली गाठली. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा काढलेला, जंगलाचा, गरीब जिल्हा. तिथे त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली.

राणीताईंनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली तेव्हा शंभरात ब्याण्णव जणींना कसला ना कसला स्त्रीरोग असल्याचे आढळले. १९८९ मध्ये इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आले. त्या दुखण्यांबद्दल त्यांतल्या बहुतेक बायका आपणहून दवाखान्यात कधी गेल्या नव्हत्या. आपल्याकडेही जात नाहीत, हे तुमच्या घरातल्या बायका जाणतात.

एकदा बंग यांच्या घरी एक खंगलेले बाळ आणले गेले. उपचार सुरू होण्याआधीच ते गेले. ही हकिकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. त्या मृत्यूची कारणे ते मांडत बसले तेव्हा अठरा निघाली: दारिद्र्य, उपासमार, अज्ञान, नदीला आलेला पूर, दवाखाना लांब, अशी ती साखळी. अठराच्या अठरा कड्या तोडायला पिढ्या जातील. पण साखळी कुठे तरी एका जागी तुटली तरी पुरे, असे त्यांनी ठरवले.

पाच वर्षांखालच्या मुलांचे तिथे सगळ्यात जास्त मृत्यू न्यूमोनियाने होत. औषध स्वस्त होते, पण ते द्यायचे कोणी? डॉक्टर गावात नाही, छातीचा एक्स-रे कुठला! न्यूमोनिया झालेले मूल श्वास भराभर घेते, एवढी खूण मात्र पक्की. श्वास मोजता आला की काम झाले. अडचण अशी की गावच्या सुइणींना बाराच्या पुढे मोजता येत नसे. म्हणून त्यांच्यासाठी एक साधे यंत्र केले: एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया समजायचा. अशा युक्तीला मी शोध म्हणतो, मग कोणी मोठ्या यंत्रांची नावे घेवोत.

मग तो दोन पट्ट्यांचा प्रयोग. ५८ गावांत सुइणी आणि गावातले आरोग्यसेवक न्यूमोनिया ओळखून औषध देऊ लागले. ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. तिथे सरकारी सेवा होती तशी चालू राहिली. वर्षभराने दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत साडेसतरा होते, तर उपचाराच्या गावांत आठ. १९९० मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले.

तुम्ही विचाराल, तुलनेच्या गावांतल्या मुलांचे काय? नवी पद्धत तारते की मारते हे प्रयोगाआधी कोणालाच ठाऊक नव्हते, हे खरे. तरी प्रश्न टोचतो, आणि टोचायलाच हवा. तुरीच्या पट्ट्याची माझी उपमा इथवरच चालते.

पुढचा प्रयोग त्याहून अवघड होता. जन्मल्यापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच सगळ्यात जास्त बाळे जात होती, आणि त्यांत मोठा वाटा रक्तातल्या जंतुसंसर्गाचा होता. गावातल्याच पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवले. बाळ गुंडाळून ऊबदार ठेवणे, वजन करणे, आईचे दूध लवकर सुरू करणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, आणि जंतुसंसर्गाच्या खुणा दिसल्या तर जेंटामायसिनचे इंजेक्शन. यावर पुष्कळ डॉक्टरांच्या भुवया चढल्या. सातवी पास बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार! उत्तर आकड्यांनी दिले. ३९ गावांत हे काम झाले, ४७ गावे तुलनेला. तिसऱ्या वर्षी दर हजार जन्मांमागे महिन्याच्या आतले मृत्यू तुलनेच्या गावांत जवळजवळ ६० आणि कामाच्या गावांत साडेपंचवीस. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांत पूर्वी शंभरात सोळा-सतरा जात, ते तिनाच्या आत आले. हे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

२०११ पासून देशभरच्या आशाताई घरी येऊन नवजात बाळाची पाहणी करतात, ती याच कामातून उभी राहिलेली योजना. इंजेक्शनाचा भाग मात्र आशाताईंकडे दिला गेला नाही. शासनाने सावधपणा केला असे म्हणा, पण जिथे बाळ वेळेत दवाखान्यात पोहोचत नाही तिथे ही उणीव राहते, असे माझे मत आहे. बंग पती-पत्नींना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

आता आपल्या घरापुरते. श्वास मोजायला मणी नकोत, हातातले घड्याळ किंवा मोबाइल पुरे. मूल रडत नसताना, शांत असताना, पोट वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले तर न्यूमोनिया समजून दवाखाना गाठा. अगदी तान्ह्याचे जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजून खात्री करा. छातीची खालची बाजू आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडले असेल, ओठ निळे दिसत असतील, तर मोजत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि अक्कलकोट किंवा सोलापूरच्या सरकारी रुग्णालयाची वाट धरा. पोट उडते म्हणून डाग देण्यात किंवा अंगारा लावण्यात जी रात्र जाते, तीच नेमकी औषधाची वेळ असते. न्यूमोनियाची लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर.

आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. दृष्ट लागेल म्हणून बाळ तिच्यापासून झाकू नका, वजन करू द्या. आणि पहिले बाळंतपण बहुधा माहेरी असते. सुनेचे माहेर आळंद किंवा अफझलपूरकडे कर्नाटकात असले तरी तिथेही आशा आहेत. तिथल्या आशाताईला, आणि सून बाळाला घेऊन परत येईल तेव्हा आपल्या गावच्या आशाताईला, आठवणीने निरोप द्या.