कांदा, ऊस, हिरडा आणि दोन वाद

भांडवलशाही बरी की साम्यवाद, हा वाद आपल्याकडे बहुधा मॉस्को आणि न्यूयॉर्कची नावं घेऊन रंगतो. जुन्नर तालुक्यातल्या पिंपळवंडीत तो वावरातच उभा आहे. इथे एका तुकड्यात कांदा, दुसऱ्यात ऊस, तिसऱ्यात टोमॅटो असतो आणि प्रत्येक पिकाच्या विक्रीची तऱ्हा निराळी. म्हणून मला वाटतं, कुठला वाद खरा हे विचारण्याआधी एक साधी चौकशी करावी. माल घ्यायला गिऱ्हाईक किती आणि माल थांबवून धरता येतो का?

आळेफाट्याच्या बाजारात गोणी सोडून कांदा ओतला जातो. व्यापारी दोन-चार कांदे उचलतो, हातात चोळतो, पत्ती आणि रंग पाहतो आणि दहा किलोच्या भावाने बोली सुरू होते. गोळा, गोल्टी, बदला, प्रत्येकाचा भाव वेगळा. खरेदीदार अनेक असल्याने ते एकमेकांवर चढतात. भाव पडलेला असेल तर कांदा घरीच बराखीत राहू शकतो. अशा ठिकाणी खुला बाजार शेतकऱ्याच्या कामाचा असतो. आळेफाट्यावरून जाणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्यावरच्या चाकणला 1980 साली कांद्यासाठी आंदोलन पेटवणाऱ्या शरद जोशींचं म्हणणं हेच होतं, की सरकारने भाव पाडायचं थांबवावं, बाकी शेतकरी बघून घेईल.

सरकार थांबलं नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद झाली. ती उठली मे 2024 मध्ये, तीही 40 टक्के शुल्क लावून. टोमॅटोचंही तसंच. जुलै 2023 मध्ये नारायणगावात वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला, तेव्हा दिल्लीत सरकारी यंत्रणा स्वस्त टोमॅटो विकू लागल्या, नेपाळहून आयात झाली. सप्टेंबरात भाव कोसळून तोडणी-वाहतूकही निघेना, तेव्हा मात्र बाजाराचा नियम म्हणून सगळे गप्प बसले. भाव चढला की ग्राहकाचं सरकार आणि पडला की शेतकऱ्याचा बाजार, ही वाटणी मला अन्यायाची वाटते.

पण खुल्या बाजाराचा हाच न्याय उसाला लावून चालत नाही. तोडलेला ऊस थांबत नाही. दिवस उलटला की वजन घटतं, साखरेचा उताराही घटतो. त्यामुळे तो जवळच्या कारखान्यालाच घालावा लागतो. गिऱ्हाईक एकच असेल तर बोली कुणाशी लावायची? हे ओळखून विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 साली प्रवरेला सहकारी कारखाना सुरू केला. खरेदीदाराची मालकीच ऊस उत्पादकाकडे आणि शेअर कितीही असले तरी मत एक. निवृत्तीनगरचा विघ्नहर, पारगावचा भीमाशंकर ही त्याच विचाराची पुढची रोपं. वर एफआरपीचा, म्हणजे उसाच्या किमान दराचा, कायदा आहे, 14 दिवसांत पैसे देण्याचं बंधन आहे.

दुखणी इथेही आहेतच. तोडीसाठी ताटकळावं लागतं, टोळीला खुशाली द्यावी लागते. राज्यात कितीतरी सहकारी कारखाने थोड्या घराण्यांच्या हाती गेले, बुडाले आणि खासगी मालकांना विकले गेले. सभासदाने वार्षिक सभेला जाणं सोडलं, की सहकारातला खरेदीदार पुन्हा परका होतो.

आणि सगळं सरकारने घ्यायचं ठरवलं तर? महाराष्ट्राने 1972 पासून कापूस एकाधिकार योजना राबवून ते पाहिलं आहे. चुकारे रखडले, तोटा साचत गेला, चांगल्या भावासाठी कापूस चोरून शेजारच्या राज्यांत जाऊ लागला. शेतीच सामूहिक केली तर काय होतं, ते चीनमध्ये दिसलं. तिथल्या शियाओगांग गावच्या शेतकऱ्यांनी 1978 साली सामूहिक शेती गुपचूप घरोघर वाटून घेतली आणि पीक वाढलं. उपाशी माणसाने जिवावर उदार होऊन केलेला तो करार होता, साम्यवादावरची इतकी बोलकी टीका मला दुसरी माहीत नाही.

तरीही पिंपळवंडीच्या शिवारात पाणी आलं ते सरकारमुळे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडीची पाच धरणं नफ्याचा हिशेब मांडून कुणी बांधली नसती. त्यासाठी ज्यांची घरं-जमिनी गेल्या, त्यांतले कितीतरी पश्चिमेच्या डोंगरातले महादेव कोळी आदिवासी.

त्याच डोंगरात आज किसान सभेचा लाल बावटा आहे. उन्हाळ्यात बाळहिरडा झोडून, वाळवून विकायचा, तर वर येणारे व्यापारी मोजके आणि घरात रोख पैशाची निकड. कांद्यासारखा माल धरून ठेवण्याची ऐपत नाही. आदिवासी विकास महामंडळाने हमीभावाने हिरडा घ्यावा, ही किसान सभेची मागणी त्यामुळे रास्त आहे. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं मोडली, त्याच्या भरपाईसाठीही या लोकांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले.

एकाच तालुक्यात पूर्वेकडचा शेतकरी सरकारला दूर राहा म्हणतो आणि पश्चिमेकडचा जवळ ये म्हणतो. दोघंही बरोबर आहेत. हिरड्याचा सरकारी भाव झोडणीच्या आधी जाहीर व्हावा, आणि कांद्याची लागण झाल्यावर काढणीपर्यंत निर्यातीचं धोरण बदलू नये, एवढं तरी कुठल्याही विचाराच्या सरकारला करता येईल.