रॅम्प झाला, विहिरीचा कठडा राहिला

कंधार तालुक्यातील एक आजोबा आपल्या नातवाला घेऊन गेली सात वर्षे माझ्याकडे येतात. मुलाचे आईवडील वर्षातील सहा महिने ऊसतोडीला जातात. त्यामुळे लेकरू आजीआजोबांच्याच अंगाखांद्यावर वाढले. प्रथम आले तेव्हा ते अडीच वर्षांचे होते. हाक मारली तरी वळून पाहत नसे, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसे, एकही शब्द बोलत नसे. ‘काही मुले उशिरा बोलतात, काळजी करू नका,’ असे सांगून मी त्यांना परत पाठविले. त्या एका वाक्यापायी त्या कुटुंबाचे दीड वर्ष वाया गेले. चूक माझी होती. पुढे श्रवणतपासणी झाली, बालरोगतज्ज्ञांनी पाहिले आणि निदान झाले, ऑटिझम अर्थात स्वमग्नता.

हा मेंदूच्या विकासातील जन्मजात वेगळेपणा आहे. आईच्या दुर्लक्षाने, लसीने किंवा पूर्वजन्मीच्या पापाने तो होत नाही. सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून न बोलणे, आलेले बोलणे पुन्हा हरपणे, नावाला प्रतिसाद न देणे यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी आजीआजोबांपैकी कोणीतरी तेथे हजर राहावे आणि घरी जे दिसते ते स्पष्ट सांगावे.

निदानानंतर त्या घरात दुसराच प्रश्न उभा राहिला. एके दिवशी आजोबा म्हणाले, ‘‘साहेब, लेकरू पाण्याकडं पळतंय बघा. शाळंच्या मागं हीर हाय. मास्तरची नजर चुकली की गेलंच.’’ स्वमग्न मुलांत अचानक निघून जाण्याची आणि पाण्याची ओढ पुष्कळदा आढळते. धोक्याची जाणीव मात्र कमी असते. अशा मुलांच्या अपघाती मृत्यूंत बुडणे हे जगभर एक प्रमुख कारण आहे.

त्या शाळेत दिव्यांगांसाठी काहीच केले नव्हते असे नाही. तेथे पक्का रॅम्प होता, त्याला लोखंडी कठडाही होता. मात्र त्या वेळी शाळेत चाकाची खुर्ची वापरणारे एकही मूल नव्हते. रॅम्प हवाच, उद्या असे मूल येईल, आज एखादी गुडघेदुखीची आजी त्याच वाटेने मतदानाला जाईल. परंतु जे मूल प्रत्यक्ष शाळेत होते, त्याला हवा होता विहिरीला कठडा आणि आवाराला बंद होणारे फाटक. ही गोष्ट मुंबईत बसून आराखडा आखणाऱ्याला कशी सुचावी? ती ठाऊक होती फक्त त्या आजोबांना, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

कायदा या बाबतीत मागे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. पूर्वी दिव्यांगत्वाचे 7 प्रकार मानले जात. आता ते 21 असून त्यांत स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. राज्य आणि जिल्हा पातळीवर समित्या असाव्यात, अशी तरतूद त्यात आहे. महाराष्ट्राने डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. लातूरजवळ हरंगुळ येथे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी ‘संवेदना’, तर लातूर शहरात स्वमग्न मुलांसाठी ‘उमंग’ अशा संस्था उभ्या राहिल्या आहेत. तथापि, योजना आखायची तर आधी माणसे मोजली गेली पाहिजेत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. तीत स्वमग्नतेचा स्वतंत्र रकाना नव्हता. त्यातच पुष्कळ घरांत अशा मुलाविषयी बाहेरच्यांजवळ बोलणे टाळले जाते. जे मूल कागदावर नाही, त्याच्यासाठी निधी कोठून येणार?

आपल्या मराठवाड्याला लोकांना विचारून काम करण्याचा अनुभव नाही असेही नव्हे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आपल्यापैकी अनेकांनी सोसला आहे. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण सुरू झाले, तेव्हा ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. शासनाचे म्हणणे गावाला आणि गावाची अडचण शासनाला सांगणे, हे त्यांचे काम. जे तेव्हा भिंतींसाठी साधले, ते आज माणसांसाठी का साधू नये?

वाचकहो, आपल्या घरी अशी व्यक्ती असेल तर पुढील गोष्टी अवश्य कराव्यात.

पहिली, प्रमाणपत्र. स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून शासकीय रुग्णालयातून तपासणी करून घ्यावी आणि वैश्विक ओळखपत्र मिळवावे. स्वमग्नतेचे मूल्यमापन 40 बाबींच्या भारतीय मापनश्रेणीवर होते. मुलाच्या सवयी आधीच वहीत लिहून नेल्यास डॉक्टरांचे काम सोपे होते.

दुसरी, ग्रामसभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे तिचे नेहमीचे दिवस. गावाचा विकास आराखडा तिच्यापुढे येतो. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्याचा आदेश आहे. नांदेड व लातूरच्या महापालिकाही त्याला अपवाद नाहीत. मागणी तोंडी न ठेवता लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि ती इतिवृत्तात नोंदली गेली की नाही ते पाहावे.

तिसरी, नेमकेपणा. ‘आमच्यासाठी काहीतरी करा’ या विनंतीला उत्तर मिळत नाही. ‘फाटकाला वरच्या बाजूने कडी लावा’, ‘दवाखान्यात आमच्या लेकराला गर्दीत ताटकळत ठेवू नका’, ‘गॅदरिंगच्या दिवशी भोंग्यापासून दूर बसू द्या’ यांना मिळते. यांतील बहुतेक गोष्टींना खर्चही फारसा येत नाही.

चौथी, पालकत्व. राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या, 18 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार तिला आहे. आपले हातपाय चालत आहेत तोवर हा विषय घरात काढावा. काळजीवाहकाने स्वतःचा रक्तदाब आणि साखर तपासणे हाही याच नियोजनाचा भाग समजावा.

आमचे आजोबा गेल्या 2 ऑक्टोबरला ग्रामसभेत उभे राहिले. अर्ज मी लिहून दिला होता. पण बोलले ते स्वतः. आधी काही जण हसले. मग एका आजीने सांगितले की, तिची शेळी त्याच विहिरीत पडली होती. ठराव झाला आणि दिवाळीनंतर कठडा बांधला गेला. वाणीउपचारासाठी मात्र त्यांना आजही नांदेडला यावे लागते; एक दिवसाची मजुरी आणि दोघांचे बसभाडे जाते. त्याविषयीचा दुसरा अर्ज आम्ही येत्या ग्रामसभेसाठी लिहीत आहोत.

परवा जाताना ते थांबले आणि म्हणाले, ‘‘साहेब, कठडा झाला. आता आमच्या माघारी लेकराकडं कोण बघंल, त्याचाबी कागद करू.’’ त्यांना जिल्हाधिकारी कार्यालयातील समितीची माहिती लिहून दिली. लेकरू अठरा वर्षांचे व्हायला अजून अवकाश आहे. पण आजोबा आताच सत्तरीच्या पुढे आहेत.