जमिनीची गोष्ट – लेखांक ६ : हिस्से अनेक, खत एक

गेल्या आठवड्यात आपण कूळकायद्यानं कसणाऱ्याच्या हाती जमीन कशी आली ते पाहिलं. आज थोडं लांब, अमेरिकेत जाऊ. तिथंही कसणाऱ्याला जमीन देण्याचं वचन होतं, पण ते पाळलं गेलं नाही. लोकांनी पदरमोड करून जमिनी घेतल्या, आणि पुढच्या पिढ्यांत त्या कागदावरच्या फटींतून निसटून गेल्या.

जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ साली निघालं. गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांनी ते अर्पण केलं होतं. त्याच्या पुढच्याच वर्षी जॉर्जिया राज्याच्या किनारपट्टीवर, ब्रन्सविक गावाजवळ, ज्युपिटर गिलियर्ड या माणसानं ४७६ एकर जमीन स्वतःच्या नावावर केली. ज्युपिटर जन्मानं गुलाम. ज्याची स्वतःचीच खरेदी-विक्री होऊ शकत होती, तो आता खरेदीखतावर घेणार म्हणून लागला. त्या जमिनीचा एक भाग आजही त्याच्या वंशजांकडे आहे आणि सहावी पिढी तो कसते आहे. असं भाग्य फार थोड्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वाट्याला आलं. का, हे समजून घ्यायचं तर १८६५ पर्यंत मागं जावं लागतं.

यादवी युद्ध संपत आलं होतं. १२ जानेवारी १८६५ रोजी सव्हाना शहरात उत्तरेच्या फौजेचा जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुमच्या लोकांना पायावर उभं राहायला काय हवं? गॅरिसन फ्रेझर या वयोवृद्ध प्रवक्त्यानं उत्तर दिलं, त्याचा आशय असा : आम्हाला जमीन द्या, ती आम्ही आमच्या श्रमानं कसू. चार दिवसांत शर्मननं हुकूम काढला. साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनपासून फ्लोरिडापर्यंतची किनारपट्टी मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवायची आणि प्रत्येक कुटुंबाला जास्तीत जास्त चाळीस एकरांचा तुकडा द्यायचा. सुमारे चाळीस हजार लोक तिथं वसलेही. पण एप्रिलमध्ये लिंकनची हत्या झाली, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला आणि वर्ष सरायच्या आत जमिनी जुन्या मळेवाल्यांना परत देण्याचं धोरण आलं. ज्युपिटरची जमीन याच पट्ट्यातली. सरकारनं देऊ केलेली जमीन काढून घेतली गेली, त्यानं विकत घेतलेली मात्र टिकली.

त्याच्यासारखे लाखाहून अधिक लोक निघाले. पै-पै साठवून, कधी चर्चच्या तर कधी बिरादरीच्या मदतीनं त्यांनी जमिनी घेतल्या. गुलामीतून सुटल्यावर अर्ध्या शतकात, १९१० च्या सुमारास, दीड कोटी एकरांहून अधिक जमीन कृष्णवर्णीयांच्या मालकीची होती. १९२० च्या गणनेत त्यांची शेतं सव्वानऊ लाख भरली, म्हणजे देशातलं दर सातवं शेत. त्यात वाटेकरी आणि खंडकरी बहुसंख्य होते, हे खरं. २०२२ च्या कृषिगणनेत देशातल्या ३३ लाखांहून अधिक शेतकऱ्यांपैकी कृष्णवर्णीय सत्तेचाळीस हजारही नाहीत. मोजण्याची रीत मधल्या काळात बदलली, तरी घसरण लपत नाही.

शेती सुटलेल्यांपैकी बरेच लोक जमीनदारांच्या दहशतीमुळे, बोंडकिड्यामुळे आणि शहरातल्या कारखान्यांच्या ओढीनं उत्तरेकडे गेले. जे राहिले त्यांची कोंडी कर्जानं केली. कृषिखात्याचं कर्ज काउंटी पातळीवरच्या समित्यांच्या हातात, आणि समित्या गोऱ्या जमीनदारांच्या. पेरणी मार्चमध्ये आणि कर्ज मंजूर होणार जुलैमध्ये, अशानं शेती बुडते. या भेदभावाविरुद्ध नॉर्थ कॅरोलिनातल्या टिमोथी पिगफर्ड या शेतकऱ्याच्या नावानं १९९७ मध्ये सामूहिक दावा दाखल झाला. १९९९ मध्ये तडजोड झाली आणि एक अब्ज डॉलरच्या वर भरपाई वाटली गेली.

पण कर्जापेक्षाही गुपचूप जमीन खाणारी गोष्ट वेगळीच होती, आणि आपल्याला ती चटकन कळेल. आजोबा जातात, वारसनोंद होत नाही, सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव तसंच राहतं आणि मुंबईतले चुलते, पुण्यातल्या आत्या सगळे हिस्सेदार होऊन बसतात. अमेरिकेच्या दक्षिणेत घरोघरी हेच झालं. कोर्टावर विश्वास नव्हता, वकील परवडत नव्हता, कित्येकदा अक्षरओळखही नव्हती, त्यामुळे मृत्युपत्र फारसं कुणी केलंच नाही. मृत्युपत्र नसलं की जमीन सगळ्या वारसांची अविभक्त मालकी होते. आठ मुलं असतील तर प्रत्येकाचा एक अष्टमांश. त्यातल्या एकाला पाच मुलं, तर त्या प्रत्येकाला चाळिसावा हिस्सा. त्यातल्या एकाची चार मुलं, की एकशेसाठावा. शेत एकच, बांध कुठेच नाही, आणि शिकागोत किंवा डेट्रॉइटमध्ये राहणाऱ्या, जमीन कधी न पाहिलेल्या नातवाचाही त्यात कायदेशीर हक्क.

खरी मेख पुढं आहे. कितीही छोटा हिस्सा असो, हिस्सेदाराला वाटणीसाठी कोर्टात जाता येतं. इतक्या तुकड्यांचं सरसनिरस वाटप शक्य नाही, असं म्हणून न्यायाधीश जमीन विकून पैसे वाटण्याचा हुकूम देतो. बिल्डरला एवढंच पुरतं. दूरच्या एखाद्या वारसाला गाठायचं, काही हजार डॉलर देऊन त्याचा एकशेसाठावा हिस्सा घ्यायचा आणि वाटणीचा दावा ठोकायचा. कोर्टाच्या पायरीवर लिलाव होतो. रोख पैसे बिल्डरकडेच असतात, म्हणून तोच बोली जिंकतो, आणि तीन पिढ्या तिथं घाम गाळणाऱ्या कुटुंबाच्या हाती बाजारभावाच्या कितीतरी कमी रक्कम पडते. वर खटल्याचा खर्च. साउथ कॅरोलिनातल्या हिल्टन हेड बेटावर १९५६ मध्ये पूल झाला. मागोमाग रिसॉर्ट आणि गोल्फची मैदानं आली, मालमत्ता कर चढला, आणि तिथल्या, गुलामांच्या वंशज असलेल्या गुल्ला-गीची कुटुंबांच्या कितीतरी जमिनी लिलाव आणि करवसुली यांच्यात गेल्या. ज्यांच्या उरल्या त्यांचाही हात आखडलेलाच, कारण स्पष्ट नाव नसलेल्या जमिनीवर बँक तारण घेत नाही, आणि कृषिखात्याच्या योजनांसाठी लागणारा शेत-क्रमांक मिळत नव्हता.

आपल्याकडे १८९३ च्या वाटणीविषयक कायद्यात एक बारीक पण मोलाची तरतूद आहे : हिस्सेदारानं विक्री मागितली तर बाकीच्यांना कोर्टानं ठरवलेल्या किमतीला त्याचा हिस्सा घेता येतो. अमेरिकेतल्या दक्षिणी राज्यांत अशी ढाल बहुधा नव्हतीच. थॉमस मिचेल या कायद्याच्या प्राध्यापकानं पुढाकार घेतला आणि २०१० मध्ये सर्व राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला. विक्रीआधी तटस्थ मूल्यांकन, विक्री मागणाऱ्याचा हिस्सा घेण्याचा पहिला हक्क घरच्यांना, प्रत्यक्ष वाटणीला प्राधान्य, आणि विक्री करावीच लागली तर लिलावाऐवजी खुल्या बाजारात, असे त्याचे मुद्दे आहेत. वीसहून अधिक राज्यांनी तो स्वीकारला. साउथ कॅरोलिनात त्याला क्लेमेंटा पिंकनी यांचं नाव दिलं आहे. हे आमदार आणि पाद्री २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमधल्या गोळीबारात मारले गेले. २०१८ च्या कृषी कायद्यानं अविभक्त जमीन कसणाऱ्यालाही पर्यायी कागदपत्रांवर शेत-क्रमांक मिळण्याची वाट मोकळी केली.

वाटणीचा हा धोका मुळातच टाळण्याचा एक प्रयोग जॉर्जियात याच्या कितीतरी आधी झाला, आणि त्याचं एक मूळ आपल्याकडचं आहे. १९६९ मध्ये चार्ल्स आणि शर्ली शेरॉड या जोडप्यानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ली काउंटीत ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था काढली. शर्लीच्या वडिलांचा १९६५ मध्ये एका गोऱ्या शेजाऱ्यानं खून केला होता आणि कुणाला शिक्षा झाली नव्हती. तरीही ती दक्षिणेतच राहिली. संस्थेची कल्पना अशी : जमीन कुणा एकाच्या नावावर नाही, विश्वस्त संस्थेच्या नावावर. घर आणि शेत कसायला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं मिळणार. त्यासाठी त्यांनी इस्राएलमधल्या सहकारी वसाहती जाऊन पाहिल्या. आराखड्यात हातभार लावणाऱ्या रॉबर्ट स्वॉनवर मात्र ग्रामदानाचा प्रभाव होता. कोकणातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांची गावची जमीन गावाची ही कल्पना अशी अटलांटिकपलीकडे रुजली. सामुदायिक भूमी न्यास या प्रकारातली ही अमेरिकेतली पहिली संस्था.

जमीन होती सुमारे ५,७०० एकर. मका, भुईमूग, सोयाबीन, कलिंगडं, डुकरं, आणि माल विकायला रस्त्याकडेला दुकान. राज्याच्या गव्हर्नरनं सरकारी मदत अडवली, तरी शेती उभी राहिली. सत्तरच्या दशकात ओळीनं दुष्काळ पडला. शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांना मिळालेलं आपत्कालीन कर्ज यांना मिळेपर्यंत तीन वर्षं गेली. कर्ज वाढलं आणि १९८५ मध्ये सगळी जमीन गेली.

गोष्ट इथं संपली नाही. पिगफर्ड खटल्याच्या तडजोडीखाली संस्थेनं दावा लढवला आणि २००९ मध्ये सुमारे एक कोटी वीस लाख डॉलरची भरपाई मिळवली. त्यातून २०११ मध्ये ऑल्बनीजवळ १,६३८ एकरांचा जुना मळा घेतला. तो कधीकाळी जॉर्जियातल्या सर्वांत मोठ्या गुलाममालकांपैकी एकाचा होता. आता तिथं पेकानची झाडं आहेत, शेतकऱ्यांचं प्रशिक्षण चालतं, आणि मालकाच्या वाड्यात बैठका होतात.

शेतीला शाळा जोडणं ही या समाजाची जुनी रीत. १९०६ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी संस्थेतून जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरच्या योजनेनं जनावरं जुंपलेली गाडी निघाली. अवजारं आणि बियाणं घेऊन ती शेतकऱ्याच्या बांधावर जाई. कापसानं नुसती पिळून काढलेली जमीन चवळी आणि भुईमूग घेऊन पुन्हा कशी कसदार करायची, हे ती दाखवी. पुढं याच संस्थेतल्या बुकर व्हॉटली यांनी सांगितलं की पंचवीस एकर पुरे. पिकं वेगवेगळी घ्या, गिऱ्हाइकांकडून सभासद-वर्गणी आधी घ्या आणि तोडणी त्यांच्याच हातून करून घ्या. लहान शेतकऱ्याला बँकेच्या दारात न जाता भांडवल उभं करण्याची ही युक्ती होती.

ज्युपिटरच्या वंशजांपैकी मॅथ्यू रायफर्ड हा तरुण दक्षिणेत परत येणार नाही असं म्हणून घरातून बाहेर पडला होता. सैन्यात गेला, नंतर शेफ झाला. एका कौटुंबिक मेळाव्यात आजीनं त्याच्या आणि बहिणीच्या हाती जमिनीचं खत ठेवलं. तो कॅलिफोर्नियात सेंद्रिय शेती शिकला, परत आला, पाककला शिकवू लागला आणि शेत पिकवू लागला. या किनाऱ्यावरच्या जेवणातली भेंडी, चवळी, कलिंगड आणि ज्वारी ही मूळची आफ्रिकेची पिकं. भेंडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी खाणाऱ्या आपल्याला ही ताटं परकी वाटू नयेत. शेतावर येणाऱ्या पोरांना ही पिकं लावायची, शिजवायची आणि कुठून आली ते सांगायचं, म्हणजे शेती, इतिहास आणि स्वयंपाक एकाच धड्यात शिकवून होतात.

या सगळ्यातून हाती काय लागतं? वडिलोपार्जित शेत पुन्हा उभं करण्याचं काम नांगरटीनं सुरू होत नाही. ते म्हातारी माणसं जिवंत असताना, सगळे हिस्सेदार एका ठिकाणी बसवून, कागद करून घेण्यानं सुरू होतं. चार्ल्सटनमध्ये २००५ पासून एक केंद्र फक्त हेच काम करतं : वंशावळ लिहायची, वारसांची नावं लावायची, मृत्युपत्रं करायची, आणि मग त्याच जमिनीवरच्या जंगलातून उत्पन्न कसं काढायचं ते शिकवायचं. गेलेली जमीन भरपाईच्या पैशांनी परत मिळत नाही. न्यू कम्युनिटीजलाही ५,७०० एकर गमावून १,६३८ एकरच घेता आली, आणि त्यासाठी पाव शतक लागलं. म्हणून आहे ती वाचवणंच स्वस्त, आणि त्यासाठी सर्वांत आधी लागतं ते स्वच्छ नावाचं खत.