एकाच पाल्यावर तिघांचं पोट

मेढ्याजवळ वेण्णेच्या उथळ पाण्यातला दगड उचलला की खालून खेकडा सरकतो. शेजारच्या कुजक्या पाल्यात लांब पायांचे झिंगे दडलेले असतात आणि नखाएवढी, पारदर्शक केरिडिना कोळंबीही. तिघंही कवचधारी, तळावर वावरणारे, आणि पुढ्यात पाला एकच. दोन जातींची गरज तंतोतंत एक असेल तर त्यातली एक हटते, असं रशियन जीवशास्त्रज्ञ गाउझ यांनी १९३४ मध्ये मांडलं. मग इथे तिघंही कसे टिकले?

उत्तर त्यांच्या पायांत आहे. खेकड्याच्या जाड नांग्या पानं फाडतात, गोगलगायीचे शंख फोडतात. झिंग्याचे सडपातळ चिमटे फटींत शिरून अळ्या, मेलेल्या माशाचे तुकडे वेचतात. केरिडिनाच्या चिमुकल्या चिमट्यांना केसांचे झुबके असतात. दगडापानांवरचा शेवाळ-जिवाणूंचा बुळबुळीत थर ती त्यांनी झाडून घेते. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की खेकड्यानं फाडलेल्या पानावर जिवाणू लवकर वाढतात. म्हणजे त्याचं उष्टं केरिडिनाचं ताट वाढतं.

कोण काय खातं हे पोट चिरून नीट कळत नाही. खेकड्याच्या जठरातच दात असतात. घास जात्यात भरडल्यासारखा बारीक होतो. म्हणून संशोधक स्नायूंतला जड नायट्रोजन मोजतात. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की त्याचं प्रमाण हजारी साधारण ३ ते ४ नं वाढतं. जड कार्बनवरून अन्न झाडाच्या पाल्यातून आलं की पाण्यातल्या शेवाळातून, याचा माग लागतो.

वेण्णेकडे अभ्यासकांचं लक्ष जुनं आहे. १९११ च्या सुमारास शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना मेढ्याजवळ गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली होती.

ही वेण्णा माहुलीला कृष्णेत मिसळते. पण नदीतून उपसलेली वाळू ब्रासमध्ये मोजली जाते; त्या हिशेबात तळ धरलेला नसतो. उपसा झाला की झाडून घ्यायचा थर, दडायची फट, बिळाचा काठ, सगळं एकदम जातं. काठावरची उंबरं, करंजं तुटली तर पालाही थांबतो. नदीची तपासणी करताना पाण्यातला प्राणवायू मोजतात. तळातला पाला आणि त्यावर पोट भरणारे हे तिघंही त्याच नोंदवहीत यायला हवेत.