विश्लेषण : तोफेचे ‘जर्मन’ बेअरिंग चिनी? संरक्षण खरेदीत धातूच्या दाखल्याला एवढे महत्त्व का?

देवपूर (धुळे) : ‘धनुष’ ही बोफोर्सच्या धर्तीवर देशात तयार झालेली तोफ. तिच्यासाठी घेतलेली सहा बेअरिंग कागदोपत्री जर्मन होती. प्रत्यक्षात ती चीनमधून आल्याचा आरोप झाला आणि प्रकरण सीबीआयपर्यंत गेले. संरक्षण साहित्यात एखादा भाग कोणी विकला, यापेक्षा तो कुठे घडला आणि त्यातला धातू कुठला, हे प्रश्न का मोठे ठरतात? लेथ किंवा सीएनसीवर जॉब वर्क करणाऱ्या छोट्या कारखानदाराचा त्याच्याशी काय संबंध? समजून घेऊ या.

‘धनुष’ प्रकरण नेमके काय?

‘धनुष’ ही १५५ मिलिमीटर, ४५ कॅलिबरची तोफ जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत तयार होते. तिच्या बेअरिंगची पहिली ऑर्डर २०१३ मध्ये दिली गेली. चार नगांसाठी ३५.३८ लाख रुपये. पुढच्या वर्षी संख्या सहावर आणि रक्कम ५३.०७ लाखांवर गेली.

पुरवठादाराने जर्मन कंपनीची उत्पत्ती प्रमाणपत्रे जोडली होती. मात्र, हा माल चीनमधील कंपनीने बनवला आणि प्रमाणपत्रे बनावट होती, असा आरोप ठेवत सीबीआयने जुलै २०१७ मध्ये दिल्लीतील पुरवठादार कंपनी आणि फॅक्टरीतील अज्ञात अधिकाऱ्यांविरुद्ध गुन्हा नोंदवला. पुढे एप्रिल २०१९ मध्ये पहिल्या सहा ‘धनुष’ तोफा लष्कराला सुपूर्द झाल्या.

रक्कम पाहिली तर संरक्षण खात्याच्या हिशेबात ही किरकोळ खरेदी. पण एका बेअरिंगमुळे अख्खी तोफ अडू शकते.

खान्देशाशी याचा संबंध काय?

देवपूरहून सुरत-नागपूर महामार्गाने निघाले की सुमारे सव्वाशे किलोमीटरवर भुसावळ आणि वरणगाव लागते. दोन्ही ठिकाणी आयुध निर्माणी आहेत. वरणगावला लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात, तर भुसावळच्या निर्माणीचे नाव पिनाका रॉकेटच्या पॉडशी जोडलेले आहे.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले. तेव्हापासून वरणगाव ‘म्युनिशन्स इंडिया’कडे आणि भुसावळ ‘यंत्र इंडिया’कडे आहे. पहिल्या कंपनीचे मुख्यालय पुण्यात, दुसरीचे नागपुरात.

अशा कंपन्यांना लागणारे ब्रॅकेट, पिन, रिंग, बॉक्सचे भाग यांसारखे काम छोट्या कारखान्यांना मिळू शकते. मात्र त्याबरोबर धातूच्या दाखल्याची जबाबदारीही अंगावर येते.

धातूचा दाखला म्हणजे काय?

भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूच्या घाणीला एक क्रमांक मिळतो. त्याला ‘हीट नंबर’ म्हणतात. त्या घाणीचा नमुना तपासून त्यात कार्बन, निकेल, क्रोमियम, गंधक किती आहे आणि धातू किती ताण सोसतो, याची नोंद होते. हेच ‘मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट’. कारखान्यांच्या बोलीभाषेत ‘टीसी’.

हाच नंबर रॉडवर, कापलेल्या तुकड्यावर, जॉब कार्डवर आणि शेवटी तयार भागाच्या कागदांवर चालत आला पाहिजे. मध्ये एक कडी तुटली तर धातू चांगला असूनही माल नाकारला जाऊ शकतो. कारण डोळ्यांना सगळे स्टील सारखेच दिसते. रॉड कापल्यावर रंगाची खूण असलेले टोक निघून गेले, तर उरलेला तुकडा कोणत्या ग्रेडचा, हे कारागिरालाही सांगता येत नाही.

कागदच खोटा असेल तर?

अमेरिकेतील नासाचा अनुभव यासाठी पुरेसा आहे. २००९ आणि २०११ मध्ये ‘टॉरस एक्सएल’ रॉकेटच्या दोन मोहिमा फसल्या. रॉकेटच्या टोकावरचे संरक्षक आवरण वेळेवर सुटलेच नाही. ७० कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले.

आवरण सुटण्यासाठी जो ॲल्युमिनियमचा भाग ठरल्या पद्धतीने तुटायला हवा होता, त्याच्या चाचणी प्रमाणपत्रांत फेरफार झाल्याचे नासाच्या तपासात निघाले. ‘सापा प्रोफाइल्स’ या उत्पादक कंपनीत सुमारे १९ वर्षे हजारो प्रमाणपत्रांतील आकडे बदलले जात होते. २०१९ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ४.६ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

म्हणूनच महत्त्वाच्या भागांसाठी केवळ टीसीवर न थांबता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना पुन्हा तपासला जातो.

धातू योग्य, तरी तडा कसा?

काडतुसाची पुंगळी पितळेची असते. साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. गोळी सुटताना पुंगळी फुगून नळीला घट्ट बसते आणि लगेच आकसते. तिला तडा गेला तर तप्त वायू मागे, बंदूकधाऱ्याच्या दिशेने येऊ शकतो.

ब्रिटिश काळात भारतातल्या फौजेला याचा विचित्र अनुभव आला. पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेल्या काडतुसांना आपोआप तडे जात. मिश्रणात चूक नव्हती. पुंगळी ओढून घडवताना धातूत राहिलेला ताण, दमट हवा आणि घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया यांनी मिळून हे घडवले होते. धातूशास्त्रात या तड्यांना ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात. योग्य तापमानावर तापवून तो ताण काढून टाकणे, हा त्यावरचा उपाय.

त्यामुळे दाखल्यात धातूचे मिश्रण लिहून भागत नाही. त्यावर कोणती उष्णता-प्रक्रिया झाली, हेही नोंदवावे लागते.

‘बनावट भाग’ कशाला म्हणतात?

दुसऱ्या कंपनीचे नाव छापलेला, जुना असून नवा म्हणून विकलेला, नापास झालेला पण बाजारात आलेला किंवा खोट्या कागदांसह आलेला भाग बनावट ठरतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हा धंदा मोठा आहे. भंगारातील सर्किट बोर्डवरून चिप काढायची, घासून जुना नंबर पुसायचा आणि नवा छापायचा. ती चिप चाचणीत चालतेही, पण उष्णता किंवा कंप वाढला की दगा देऊ शकते.

अमेरिकी सिनेटच्या समितीने मे २०१२ मधील अहवालात संशयित बनावट भागांची सुमारे १,८०० प्रकरणे मांडली. त्यांत दहा लाखांहून अधिक सुटे भाग होते. त्यानंतर तिथे नियम कडक झाले. इलेक्ट्रॉनिक भाग शक्यतो मूळ उत्पादक किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यायचा आणि संशय आला तर कळवायचे.

भारतात नियम काय सांगतात?

● संरक्षण संपादन प्रक्रिया २०२० : देशी रचना व विकासाच्या सर्वोच्च प्राधान्याच्या गटात किमान ५० टक्के देशी घटक आवश्यक. खालच्या पुरवठादारांनी आयात केलेल्या भागांची किंमतही त्यातून वजा होते. देशी कच्चा माल आणि विशेष मिश्रधातू वापरण्याला प्रोत्साहन.

● ‘मेक इन इंडिया’ प्राधान्य आदेश २०१७ : ५० टक्के वा अधिक स्थानिक मूल्य असेल तर पहिल्या वर्गाचा, २० ते ५० टक्क्यांदरम्यान असेल तर दुसऱ्या वर्गाचा पुरवठादार. १० कोटींवरील खरेदीत लेखापरीक्षक किंवा परिव्यय लेखापालाचे प्रमाणपत्र लागते. खोटी माहिती दिल्यास दोन वर्षांपर्यंत बंदी.

● २३ जुलै २०२० चा आदेश : भारताला लागून जमिनीची सीमा असलेल्या देशांतील बोलीदारांना नोंदणी आणि मंजुरीशिवाय सरकारी निविदेत भाग घेता येत नाही.

अमेरिकेचा नियम वेगळा कसा?

तिथला प्रश्न सरळ आहे : धातू वितळला कुठे? टायटॅनियम, झिर्कोनियम, निकेल व कोबाल्टची मिश्रणे आणि काही खास पोलाद लढाऊ विमाने, क्षेपणास्त्रे, जहाजे, रणगाड्यांत वापरायचे तर ते अमेरिकेत किंवा मान्य मित्रदेशांत वितळलेले असावे लागते. काही सवलती आहेत, पण मूळ अट हीच.

या काटेकोरपणाचा फटका एफ-३५ विमानालाही बसला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच्या एका यंत्रातील चुंबकात चीनमधील कोबाल्ट-समेरियम मिश्रधातू असल्याचे आढळले आणि नव्या विमानांची सुपूर्दगी थांबली. उड्डाणाला धोका नव्हता, तरीही खास सूट मिळाल्यावरच ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा सुरू झाली.

मग फट कुठे राहते?

भारतातील टक्केवारीचा नियम रुपये मोजतो आणि सीमेचा आदेश बोलीदार कोण ते पाहतो. ५० टक्क्यांची अट पूर्ण करणाऱ्या वस्तूतही नेमका कळीचा भाग परदेशी असू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्कराने ४०० मालवाहू ड्रोनचे सुमारे २३० कोटी रुपयांचे करार रद्द केल्याचे समोर आले. कारण होते आतले चिनी सुटे भाग. पुरवठादार भारतीय होते.

धातूंच्या बाबतीत ही चिंता आणखी वाढली आहे. चीनने फेब्रुवारी २०२५ मध्ये टंगस्टनसह काही धातूंच्या आणि एप्रिलमध्ये समेरियम, डिस्प्रोसियमसह सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. भारताकडे हैदराबादची ‘मिधानी’ विशेष मिश्रधातू बनवते आणि केरळमधील चवरा येथे टायटॅनियम स्पंजचा वर्षाला ५०० टन क्षमतेचा प्रकल्प आहे. तरीही अनेक धातूंसाठी आयातीवरच भिस्त आहे.

छोट्या कारखानदाराने काय पाहावे?

१. रॉड, पट्टी घेताना टीसीची प्रत घ्या. तिच्यावरचा हीट नंबर मालावरील नंबराशी जुळतो का, ते गाडी उतरवतानाच बघा.

२. व्यापाऱ्याने स्वतःच्या लेटरहेडवर टाइप केलेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. मूळ उत्पादकाचे मागा आणि शंका असेल तर उत्पादकाकडूनच खात्री करून घ्या.

३. कापण्याआधी नंबर उरलेल्या तुकड्यावरही पंच करा. वेगवेगळ्या हीटचा माल एकत्र ठेवू नका.

४. उष्णता-प्रक्रिया बाहेरून करून घेतली तर भट्टीचा तापमान आलेख फाइलला लावा.

५. बेअरिंग, सील, चिप अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि बिल जपून ठेवा.

६. ड्रॉइंगमधील ग्रेड मिळत नसेल तर ‘त्याच्यासारखाच’ दुसरा स्वतःहून वापरू नका. आधी लेखी परवानगी घ्या.

पुरवठ्याच्या साखळीत कागदावर शेवटची सही ज्याची, पहिला जाब त्यालाच विचारला जातो. व्यापाऱ्याने फसवले, एवढे सांगून सुटका होईलच असे नाही. किलोमागे चार रुपये स्वस्त, पण दाखला नसलेला रॉड म्हणूनच महागात पडतो. कधी कारखान्याला, तर कधी सीमेवरच्या जवानाला.