ज्योत पिवळी का पडते?

आषाढात तळेघरला पाऊस आडवा येतो. डिंभ्याच्या पुढे, भीमाशंकरच्या वाटेवरचं हे गाव. झड लागली की दारं-खिडक्या दिवसदिवस बंद. अशाच एका घरी चहा ठेवला होता. पातेल्याचं बूड काळं आणि गॅसची ज्योत चुलीतल्या जाळासारखी लांब, पिवळी, डुलणारी. मावशी म्हणाल्या, "टाकी संपत आली असेल." टाकी परवाच लावलेली. बर्नरला हवा मिळत नव्हती.

एक लिटर एलपीजी वायू पुरता जळायला सुमारे 25 ते 30 लिटर हवा लागते. जेटच्या बारीक छिद्रातून गॅस जोरात सुटतो आणि जाता जाता थोडी हवा नळीत ओढून घेतो. उरलेली हवा ज्योत भोवतालून घेते. ही हवा पुरली की ज्योत निळी. कमी पडली की कार्बनचे कण तापून पिवळे चमकतात. तीच काजळी पातेल्याला बसते. वरण उतू गेल्यावरही ज्योत पिवळी होते, पण ती मिठातल्या सोडियमची, घटकाभराची.

उन्हाळाभर त्या घरात चुलीवरच भागलं होतं. लाकडं भिजली तेव्हा शेगडी पुढे आली. बर्नर उचलून नळी झटकली, तर आतून कोळिष्टक आणि कुंभारमाशीच्या घराचा मातीचा खडा पडला!

रेग्युलेटर बंद करून, गार झालेला बर्नर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवावा, जुन्या ब्रशने घासावा, छिद्रं बारीक तारेने मोकळी करावीत आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावा. जेटमध्ये मात्र सुई घालू नका. पितळ मऊ असतं. छिद्र केसभर रुंदावलं तरी गॅस जास्त सुटतो. ते काम मेकॅनिकचं.

गॅस गिझरची मला जास्त काळजी वाटते, कारण त्याचा बर्नर पत्र्याआड असतो. नळ सोडल्यावर जरा थांबून 'भप्प' असा आवाज आला किंवा ज्योत पिवळी दिसली, तर तो तपासून घेईपर्यंत वापरू नये. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या 200 पटींहून अधिक ओढीने चिकटतो. त्याला वास नाही. टाकीतल्या गॅसला मुद्दाम दिलेला उग्र दर्पही इथे सावध करत नाही, कारण तो गॅसबरोबरच जळून गेलेला असतो. बंद न्हाणीघरात डोकं जड होतं, पाय लटपटतात, कडी काढायलाही उठवत नाही. म्हणून गिझर न्हाणीघराबाहेरच हवा.

दुसरा चहा निळ्या ज्योतीवर झाला. मावशींनी खिडकीची एक फळी पावसातही उघडी ठेवली.